कोकिळा, जसोंडी

ज्या वर्षी माझ्या भावाची नात उषा लग्न होऊन रावेरला गेली, त्याच वर्षी तापीकाठच्या आमच्या तीन गावांची केळी मंडळं एक झाली. साल दोन हजार एकोणीस. लग्न आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी झालं, मंडळं आखाजीनंतर जोडली. मांडवाच्या दाराला बांधलेली केळीची खुंटं अंगणात वाळत पडली होती, उचलायला कोणाला सवड झाली नव्हती, तेवढ्यात दादाच्या फोनमधून एक अनोळखी बाई निघाली.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ सुकलाल. माझा नवरा लवकर गेला, तेव्हापासून मी दादाच्या घरी आहे. घरात आम्ही तिघं: दादा, त्याची बायको मालूबाई आणि मी. मुलगा सुधाकर बुऱ्हाणपुरात नोकरीला, त्याचं बिऱ्हाड तिकडेच. त्याने नवा फोन घेतला तेव्हा जुना आम्हाला दिला. तिघांत तो एकच. वाचता मला एकटीला येतं, आणि तेही उशिरा आलं. गावच्या शाळेत मोठ्यांसाठी वर्ग निघाला होता तेव्हा वहिनी म्हणाली होती, "एकीनं शिकाचं तर दुसरीनं भाकरी थापाव्या लागतीन. तू जाय." म्हणून मी गेले. वहिनीला आकडे ओळखता येतात, अक्षर नाही. दादाचंही तसंच.

दादा पहिल्यापासून संशयी. कोणी न मागता पाणी दिलं तर आधी तांब्याचा वास घ्यायचा. सुधाकरची सोयरीक ठरली तेव्हा मुलीच्या गावी तीनदा जाऊन आला, आणि तिन्ही वेळा मुलीकडे न जाता तिच्या शेजाऱ्यांकडे.

आधी केळी कापायची पाळी मंडळाच्या गोदामासमोर निंबाखाली ठरायची. ज्याचे घड भरले त्याने येऊन सांगायचं, मुकादम बाग पाहून यायचा आणि दिवस द्यायचा. त्या दिवशी कापणारी टोळी आणि ट्रक त्याच्या बागेला. पाळी हुकली तर केळी झाडावरच पिवळी पडते, आणि पिवळ्या केळीला दिल्लीचा ट्रकवाला हात लावत नाही. पुढे हे सगळं फोनवर गेलं. बुऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यात राहणारा गजानन नावाचा हुशार माणूस होता, त्याने प्रत्येक मंडळासाठी इंटरनेटवर वेगळी जागा करून दिली होती. मंडळं एक झाली तेव्हा तिन्ही जागा त्यानेच जोडल्या आणि आम्हाला समजवायला गोदामात आला.

"पहिले तीन घरं होती, तीन दरवाजे," तो म्हणाला. "आता दरवाजा एकच. दारावर तुमचा मोबाईल नंबर सांगायचा. मग मोबाईलवर सहा आकडे येतील, ते टाकायचे. आत घेतलं की ज्याला त्याला त्याच्या पानावर नेऊन सोडणार. टोळीवाल्याला टोळीचं पान, ट्रकवाल्याला ट्रकचं, शेतकऱ्याला त्याच्या बागेचं. सिंपल."

दादाने हात वर केला. "आन पान चुकलं तर?"

"नाही चुकणार, काका. नंबर बघूनच पाठवतो."

"कोन पाठवते?"

"सिस्टिम."

"तो कोनाचा मानूस?"

गोदामात हसू पिकलं. दादा हसला नाही.

"आणि एक लक्षात ठेवा," गजानन म्हणाला, "ते सहा आकडे कोणालाच सांगायचे नाहीत. भावाला नाही, बायकोला नाही. मी फोन करून मागितले तर मलाही नाही."

दादा माझ्याकडे वळला. "पाह्यलं? त्याचा त्याच्यावरच भरवसा नाही."

तोवर आमचा फोन भिंतीतल्या देवळीत पडलेला असायचा, ज्याला पाहिजे तो घ्यायचा. त्या दिवसापासून तो दादाच्या बंडीच्या आतल्या खिशात गेला. आंघोळीला जाताना दादा बंडी न्हाणीत नेऊन खुंटीला टांगायचा.

आमच्या बागेचे घड भरत आले होते. जेठाचं ऊन, वरून रोज संध्याकाळी वारा सुटायचा. उंच झाडं, वजनदार घड, एक वावटळ आली तर आडवं होतं. दादा सकाळी मला ओट्यावर घेऊन बसला. मी नंबर टाकला. आकडे आले तेव्हा दादाने माझ्या डोक्यावरून उपरणं घेतलं, लहान मुलाला वाफारा देतात तसं. आत अंधारात मी सहा आकडे टाकले. पान उघडलं.

"वाच," दादा म्हणाला.

मी वाचलं. नमस्कार कोकिळा. गाव जसोंडी. बाग तयार. कटाई गुरुवार.

दादाने उपरणं काढलं. "कोन?"

"कोकिळा."

"कोन कोकिळा?"

"एवढंच लिहिलंय, दादा."

"मंग मी कुठी हाये?"

मी वर पाहिलं, खाली पाहिलं, बोटाने सरकवून पाहिलं. सुकलाल हे नाव कुठेच नव्हतं. बाहेर पडून परत आत गेलो, उपरणं घेऊन आणि न घेता. दर वेळी दार आम्हाला त्याच बाईकडे नेऊन सोडायचं.

जसोंडी म्हणजे वहिनीचं माहेर. तिचा भाऊ कडू तिथल्या मंडळाचा प्रमुख होता. दादाने दोन आणि दोन लगेच जोडले. "हे कडूचंच काम हाये. तीन गावं एक झाली, आता आमच्या पाळ्या जसोंडीले ओढते तो. माह्या नंबरावर कोनती तरी बाई बसवून देल्ली."

वहिनी आत चुलीशी होती. दार उघडं होतं, सगळं ऐकू जात होतं. आपल्या भावाला कोणी चोर म्हणतंय आणि ती एक शब्द बोलायलाही बाहेर आली नाही. भाकरी उलटत राहिली. मला तेच खटकलं.

मग मला आणखी एक आठवलं. मंडळं एक होण्याच्या आधी दोन-तीनदा मी तिला गोठ्यामागे फोन कानाला लावून आकडे पुटपुटताना ऐकलं होतं. "चार. शून्य. सात." मला वाटलं होतं, सुनेला कोणाचा तरी नंबर सांगते. आता मनात आलं, हिने आमचे आकडे भावाला सांगितले. गुडघ्याचं औषध जसोंडीच्या वैद्याकडेच चांगलं मिळतं म्हणून ती दर महिन्याला तिकडे जायची. गुडघा काही बरा होत नव्हता. जाणं मात्र थांबत नव्हतं.

दादाला मी हे सांगितलं नाही. आधी आपण पाहावं, असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी मी आणि दादा बसने बुऱ्हाणपूरला गेलो. शनवाऱ्यात गजाननची खोली माडीवर. त्याने मावा जिलबी पुढे केली. दादाने द्रोण नाकाशी नेला आणि खाली ठेवला.

गजाननने कॉम्प्युटरवर पाहिलं आणि कपाळ खाजवलं. "काका, या नंबरावर दोन सभासद आहेत. एक तुम्ही, एक या कोकिळाबाई. आधी मंडळं वेगळी होती म्हणून चालून गेलं. जोडताना मी धरलं की एक नंबर म्हणजे एक माणूस. जसोंडीची यादी पहिले चढली, म्हणून दार तुम्हाला तिच्या पानावर नेतंय. गलती माझीच आहे."

"कोन हाये ती?"

"ते मी नाही सांगू शकत. कागद पक्के आहेत, पटवाऱ्याचा शिक्का आहे."

"नंबर माहा, बाई परकी, आन मलेच नाही सांगू शकत?"

"मंगळवारी तिन्ही गावांची सभा आहे. तिथे हरकत घ्या. बाई खोटी निघाली तर तिचं पान बंद करतो. मग दार आपोआप तुमच्याकडे उघडेल. पाळी नंबराला लागली आहे, म्हणून गुरुवार पण तुमचा."

"आन मी दुसरा नंबर देल्ला तर? हिच्या नावानं सिम घेतो आजच."

"नवा नंबर, नवी फेरी. तो नियम मंडळाचा आहे, माझा नाही. कोणी पाळ्या चोरू नये म्हणून केलाय. मग तुमची पाळी पाऊस लागल्यावर."

पाऊस लागेपर्यंत आमचे घड थांबणार नव्हते. परतीच्या बसमध्ये दादा खिडकीशी बसला होता, हात छातीवर, फोनवर. "म्हणजे असं," तो म्हणाला, "कोकिळा गेली तर गुरुवार माहा. कोकिळा राह्यली तर बाग गेली. मंगळवारी तिले काढतोच."

मी घरी आल्यावर विचार करत बसले. पटवाऱ्याचा शिक्का असलेली, जसोंडीची, आणि नाव घेतलं की सगळे गप्प होतात अशी बाई. मला एकच उत्तर सुचलं. संध्याकाळी वहिनी अंगणात शेंगा फोडत होती. मी शेजारी बसले आणि हळूच म्हणाले, "वहिनी, राग नको येऊ देऊस. तुझ्या भावाने कोणी ठेवली आहे का?"

"काय?"

"बाई. कोकिळा नावाची. तिच्या नावावर त्याने बाग लावून दिली असेल."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मग ती हसायला लागली. इतकी हसली की शेंगांचं सूप कलंडलं, तिला ठसका लागला. "माह्या भावानं? कडूनं? अवं, त्याले घरची एक सांभाळता येत नाही. जेवाले वाढलं नाही तर माहाकडे रडत येते तो."

"मग कोण आहे ती?"

वहिनीने पदराने डोळे पुसले. दाराकडे पाहिलं. दादा गोठ्यात होता.

"मी," ती म्हणाली.

मला कळलं नाही.

"कोकिळा म्हणजे मी, भागाबाय. लगन व्हायच्या आधी मी कोकिळा होती. मालू तुमच्या घरानं ठेवलं."

आमच्यात लग्नाच्या दिवशी नवऱ्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं असतं. दादाला लिहिता येत नव्हतं, भटजीने त्याचा हात धरून लिहून घेतलं होतं. मी तेव्हा पाच वर्षांची. जुनं नाव काय होतं ते मला माहीत असायचं कारण नव्हतं. माहेरी तिला सगळे माई म्हणतात, त्यामुळे तिकडेही कधी कानावर आलं नाही. दादाला माहीत असायला हवं होतं. पण ज्या दिवशी नाव बदललं त्या दिवसानंतर त्याच्यासमोर ते कोणी उच्चारलंच नाही, आणि तो स्वतः तर तिला सुधाकरची माय म्हणतो.

"आणि जमीन?" मी विचारलं.

"बापाची. माह्या वाट्याची."

"पण तू तर सही करून दिली होतीस. कडू साडी घेऊन आला होता. हिरवी. तू ती नेसली होतीस."

बहिणीने बापाच्या जमिनीवरचा हक्क भावाला सोडायचा आणि भावाने साडी करायची, हे आमच्याकडे ठरलेलंच. दादाने तेव्हा मोठ्या मनाने सांगितलं होतं, आपल्याला सासऱ्याचं काही नको, सही देऊन टाक. गावात त्याचं कौतुक झालं होतं.

"साडी घेतली," वहिनी म्हणाली. "सही नाही देल्ली. पटवाऱ्याकडे गेलीच नाही. कडू आधी लय बोलला मले. मंग म्हने, ठीक हाये माई, करतो मी अर्धलीनं, निम्मं तुहं निम्मं माहं. तवापासून तोच पाहते."

"आणि दादापासून लपवलंस."

"त्याहीनं देऊन टाकलं होतं ना. ज्यानं देऊन टाकलं त्याले कायले विचारू?"

तिचं सगळं मग मला कळलं. जसोंडीच्या मंडळात सभासद होताना नंबर मागितला तेव्हा तिने घरचा दिला, कारण तिला तेवढाच पाठ होता. आकडे आले की गोठ्यामागे जाऊन ती कडूला सांगायची आणि कडू तिकडून तिचं पान उघडायचा. फोन दादाच्या बंडीत गेल्यापासून तिची वाट बंद झाली होती. तिच्या बागेचे घडही भरले होते, कडूने ते मुकादमाला दाखवून ठेवले होते. गुरुवार तिचाच होता. खऱ्या अर्थाने तिचा.

"दादाला आजच सांगून टाक," मी म्हणाले.

"आज सांगतलं तर ते आजच गुरुवार मागतीन. घरात मागतलं तर मले नाही म्हनता येत नाही, तुले माहीत हाये. मंडळासमोर मागू दे. तिथी चार मानसं असतात." मग ती थांबली. शेंगा गोळा करायला लागली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू सांगशीन का?"

मी भावाच्या घरची भाकरी खाते. मी तिच्याबरोबर शेंगा वेचायला लागले, आणि ते तिला आवडलं नाही.

मंगळवारपर्यंत घरात कोणाचा कोणावर भरवसा उरला नाही. मी दादाजवळ बसले की वहिनी काही तरी निमित्त काढून तिथे यायची, रिकामा तांब्या न्यायला, नाही तर कोंबड्या हाकलायला. दादाचं लक्ष माझ्याकडे. "तू दोन दिवसांपासून मान खाली घालून कायले बसून राह्यली? कडूनं तुले पन फोडली का काय?" आणि मी दोघांकडे बघत होते. वहिनीकडे बघताना वाटायचं, जिने एवढी वर्षं हे पोटात ठेवलं तिने आणखी काय ठेवलं असेल. दादाकडे बघताना वाटायचं, याला कळलं तर हा काय करेल ते मला बहीण असून सांगता येत नाही.

बागेत जाऊन आले. खालच्या घडांवर एखादं केळं रंग बदलायला लागलं होतं.

मंगळवारी गोदाम भरलं. पुरुष सतरंजीवर, बायका भिंतीकडे, गजानन टेबलाशी लॅपटॉप उघडून. दादा उभा राहिला. "माह्या नंबरावर जसोंडीची एक बाई घुसली हाये. कोकिळा नावाची. आमच्या पाळ्या चोराले बसवली. मी म्हंतो, हाये कुठी ती? दाखवा. नसन दाखवता येत तर काढा."

सगळे कडूकडे बघायला लागले. कडू जाडजूड माणूस, पण त्या वेळी सतरंजीत शिरून जाईल असा बसला होता.

"कडूभाऊ," कोणी तरी म्हणालं, "कोन हाये कोकिळा?"

"हाये एक," कडू म्हणाला.

"घरी वैनीले माहीत हाये का?" मागून आवाज आला आणि गोदाम हसलं.

गजाननने हात वर केला. "ऐका. हरकत आली आहे. कोकिळाबाई इथे असतील तर त्यांनी उभं राहावं. नसतील तर मला पान बंद करावं लागेल."

भिंतीकडून वहिनी उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. "मी हाये."

हसणं थांबलं. दादा तिच्याकडे न बघताच म्हणाला, "बस खाली, सुधाकरची माय. हे तुहं काम नाही."

"माहंच काम हाये. कोकिळा मी हाये."

गजाननला आमचं घर माहीत नव्हतं. त्याने सरळ कागद पुढे ओढला. "बरं झालं आलात, आत्या. वडिलांचं नाव कागदावर आहे. पतीचं नाव सांगा, नोंदीला."

वहिनीच्या पिढीच्या बायका ते नाव तोंडाने घेत नाहीत. ती म्हणाली, "ते मी घेत नाही. ते काय समोर उभे हायेत. त्यायलेच विचारा."

गजाननने मान वर केली. गोदामातल्या सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. दादा अजून उभाच होता, हरकत घेतली तसाच, बोट पुढे करून. ते बोट खाली यायला वेळ लागला.

"तू सही देल्ली होती," तो म्हणाला.

"नाही देल्ली."

"साडी नेसली होती!"

"चांगली होती साडी."

बायकांच्या बाजूला कोणी तरी तोंडाला पदर लावला. कडूला आता धीर आला. "दाजी, देवाची आन, मी दोनदा पटवाऱ्याकडे वाट पाहत बसलो. माई आलीच नाही. पटवारी माहावरच ओरडला."

"तू गप," दादा म्हणाला. आणि मग वहिनीला, हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू आलं, "आनखी काय काय हाये तुहं?"

"एवढंच," ती म्हणाली.

दादाचा विश्वास बसला नाही. त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

गजाननने घसा खाकरला. "म्हणजे दोन्ही सभासद खरे आहेत. मी काल रात्रीच एक सोय केली आहे. आता हा नंबर टाकला की दोन नावं दिसतील. एक निवडायचं. या फेरीला तेच पान चालेल, त्यालाच गुरुवार. दुसऱ्याने नवा नंबर घ्यायचा आणि पुढच्या फेरीत यायचं. घरातलाच मामला आहे, तुम्हीच ठरवा. फोन कोणाकडे आहे?"

दादाने बंडीत हात घातला. फोन काढला आणि माझ्याकडे दिला, कारण वाचणारी मी. मी नंबर टाकला. दोन नावं आली.

"भागा, माहं दाब," दादा म्हणाला.

त्या वेळी मी कोणाच्या बाजूची होते, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. आमची बाग मी रोज बघत होते. तिची मी पाहिलेलीही नव्हती. पण हात पुढे होईना.

"दादा," मी म्हणाले, "मी वाचते. दाबत नाही." आणि फोन वहिनीपुढे धरला.

वहिनी जवळ आली. "वरतं कोनाचं?"

"दादाचं."

"आन खालतं माहं?"

"हो."

"सुधाकरची माय," दादा म्हणाला. तो ओरडला नाही. "आपले घड पिवळे पडून राह्यले. तू पाह्यले ना? एका घरचं हाये सगळं."

"एका घरचंच हाये तर गुरुवार मले असला काय, तुमाले असला काय," ती म्हणाली. अंगठा पदराला पुसला आणि खालचं नाव दाबलं.

फोन थरथरला. सहा आकडे आले. माझाही जीव थाऱ्यावर नव्हता, मी ते खणखणीत आवाजात वाचले, तिन्ही गावांना ऐकू जातील असे. गजाननने कपाळावर हात मारला. "आत्या, मोठ्याने नाही वाचायचे!" तोवर वहिनीने एकेक आकडा शोधून टाकला होता. पान उघडलं. नमस्कार कोकिळा.

दादा चपला घालून बाहेर गेला.

दोन दिवस तो आमच्या दोघींशी बोलला नाही. फोन देवळीत ठेवून दिला, आता खिशात ठेवण्यासारखं त्यात काही नाही असा. गुरुवारी मी आणि वहिनी पहिल्या बसने जसोंडीला गेलो. टोळी कापायला लागली होती. पाठीवर घड घेऊन माणसं ओळीने बांधावर येत होती, कडू ट्रकजवळ उभा राहून ओरडत होता. मी ती बाग पहिल्यांदा पाहत होते. लहानशी, पण एक झाड वाकडं नाही.

ऊन वर आलं तेव्हा वाटेवर दादा दिसला. दुसऱ्या बसने आला असावा. मी घाबरले. वहिनीने पदर सारखा केला आणि जागची हलली नाही. दादा आमच्याकडे आला नाही. बांधावरून चालत बागेच्या टोकापर्यंत गेला, मग दुसऱ्या बाजूने परत आला. खरंच जमीन आहे का, केवढी आहे, तिची शीव कुठे लागते, हे सगळं तो डोळ्यांनी तपासत होता. एका झाडाशी वाकून त्याने बुंध्याची माती चिमटीत घेऊन पाहिली. शेवटी आमच्याजवळ येऊन थांबला.

"पिलं लय ठेवली," तो म्हणाला. मूळ झाडाजवळ फुटलेली पिलं वेळेवर काढली नाहीत तर ती त्याचा जोर खातात. "एकेक ठेवाचं. बाकी कापून टाकाचं."

"माही बाग हाये," वहिनी म्हणाली. "मी दोन ठेवते."

दादाने मान हलवली आणि निंबाखाली जाऊन बसला. ट्रक भरेपर्यंत तो तिथून हलला नाही. ड्रायव्हर दोर बांधत होता तेव्हा मात्र उठून गेला आणि प्रत्येक गाठ ओढून पाहिली.

आमच्या बागेची त्या फेरीत पाळी लागली नाही. शुक्रवारी संध्याकाळच्या वाऱ्यात बरीच झाडं पडली. उभी राहिली त्यांचे घड निम्मे पिवळे झाले. काही हातगाडीवाल्यांनी नेले, काही गुरांनी खाल्ले, काही आम्ही गावात वाटले. वाटताना दादा प्रत्येक दारात सांगायचा, "घ्या, कोकिळाबाईनं पाठवले." लोक हसायचे. तो टोमणा होता. तो टोमणा त्याने चालूच ठेवला. कोकिळाबाई, चहा होईन का? कोकिळाबाई, माहं उपरणं पाह्यलं का? पहिल्या वर्षी वहिनीला राग यायचा. दुसऱ्या वर्षी दादाला हाक मारायला दुसरं नाव सुचत नव्हतं, आणि ती ओ द्यायची.

तिच्या नावाचं नवं सिम सुधाकरने आणलं. मंडळाच्या पानावर आता आमच्या घरातून दोन माणसं आत जायची, आपापल्या नंबराने. दादा शेवटपर्यंत उपरण्याखालीच आकडे टाकायला लावायचा. वहिनी अंगणात बसून सगळ्यांसमोर टाकायची.

वहिनी दोन हजार एकवीस सालच्या एप्रिल महिन्यात, आखाजीच्या आधी, तापाने वारली. दादा दोन वर्षांनी, तेवीसच्या पोळ्यानंतर गेला.